सीएस घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं?

दहावीचा निकाल लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत एकच वाद रंगतो: सीएस घ्यायचं की बायो ठेवायचं? ऐकणाऱ्याला ही साधी विषयनिवड वाटेल, पण मेख गुणांच्या हिशेबात आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावी विज्ञान शाखेत कॉम्प्युटर सायन्स हा द्विलक्षी विषय २०० गुणांचा असतो. तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि बहुतेक वेळा जीवशास्त्रही सुटतं. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं पोर अर्जातल्या एका चौकटीत खूण करतं आणि तेवढ्यावर मराठी, हिंदी किंवा सिंधीचा निरोप घेतं, डॉक्टरकीची वाट बंद करतं आणि पुढच्या पाच-सात वर्षांची दिशा पक्की करतं. त्याआधी त्याने शाळेच्या संगणक कक्षात फार तर एखादं चित्र काढलेलं असतं, एखादा तक्ता भरलेला असतो. तरी घरात सगळे ठामपणे सांगतात, ‘त्याला कॉम्प्युटरची पहिल्यापासून आवड आहे.’ आवड आधी असते आणि अभ्यासक्रम मागून येऊन तिला वाट करून देतो, असं आपण धरून चालतो. हाती असलेला पुरावा मात्र बऱ्याच अंशी उलट बोलतो. आवड अभ्यासक्रमच घडवतो. शिवाय जसा अभ्यासक्रम तशीच ती घडते, आणि माझ्या मते या विषयातली खरी अडचण या दुसऱ्या वाक्यात आहे.

आवड आधीपासून असते आणि ती मोजता येते, हे गृहीत धरून महाराष्ट्राने एक मोठा प्रयोगही करून पाहिला. २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली जाऊ लागली. राज्य मंडळ आणि श्यामची आई फाउंडेशन यांचा तो उपक्रम होता. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक क्षेत्र, गणवेशधारी सेवा, कला व मानव्यविद्या अशा सात क्षेत्रांत मुलाचा कल कुठे आहे, हे प्रश्नावलीतून काढायचं आणि तसा अहवाल त्याच्या हाती द्यायचा. काही वर्षांनी ती चाचणी थांबली. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण ज्याने कधी प्रोग्राम लिहिला नाही, कधी शव उघडलेलं पाहिलं नाही, कधी ताळेबंद मांडला नाही, त्याला ‘तुला काय आवडतं’ विचारलं तर तो काय सांगणार? त्याने जे पाहिलं आहे, ते. चाचणी कलाची होती, उत्तरं आली ती ओळखीची.

आणि ओळख गावच करून देतं. अंबरनाथमध्ये १९२०च्या दशकात विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभ्या राहिल्या आणि पुढे एमआयडीसीची वसाहत पसरली. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरांत टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे शब्द पोरांच्या कानावर पाढ्यांच्याही आधी पडत. ‘अप्रेंटिसला लागला’ हे वाक्य त्या गावात एका पिढीने अभिमानाने उच्चारलं. उल्हासनगरची गोष्ट वेगळी, पण तर्क तोच. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ साली छावणीचं उल्हासनगर झालं आणि एक ते पाच नंबरच्या कॅम्पांत दुकानं, फर्निचर, पुढे जीन्स शिवणारे कारखाने उभे राहिले. तिथलं मूल गल्ल्यावर बसलेल्या बापाकडे पाहत वाढलं आणि दहाव्या-बाराव्या वर्षी त्याला होलसेल आणि किरकोळ भावातला फरक कळू लागला. या मुलांची कल चाचणी कुणी घेतली नव्हती. काम डोळ्यांसमोर होतं, ते जमेल असं वाटत होतं, त्यावर चूल पेटते हे दिसत होतं.

संगणकाच्या कामाचं नेमकं इथेच वेगळेपण आहे: ते गावात दिसत नाही. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे, अंबरनाथ ६०. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली ९८ हजारांच्या आसपास होती, २०११ला ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. वाढलेल्यांपैकी पुष्कळजण मुंबई-ठाण्यात घर परवडेना म्हणून इथे आलेले. यांच्यातली आयटीतली माणसं सकाळी लोकल पकडतात, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, रबाळे, कोपरखैरणे गाठतात किंवा पुढे पवई, अंधेरी, मालाडला जातात. मुलाला दिसते ती पाठीवरची सॅक, गळ्यातलं ओळखपत्र आणि रात्री साडेनऊला जेवायला बसलेला दमलेला माणूस. त्या इमारतीत तो दिवसभर करतो काय, हे त्याच्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही. फिटर काय करतो हे अंबरनाथमध्ये कुणीही सांगेल. ‘सपोर्टला आहे’, ‘टेस्टिंगला आहे’ यातून चित्र काही उभं राहत नाही. गावात दिसणारा संगणकवाला म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणारा, झेरॉक्सवाला, सीसीटीव्ही बसवणारा, मोबाइल उघडून दुरुस्त करणारा. म्हणून संगणक या व्यवसायाचं चित्र उभं करण्याचं जवळजवळ सगळं काम शाळा, कॉलेज आणि क्लास यांच्यावर येऊन पडतं. सुताराच्या मुलाला सुतारकी शाळेबाहेर दिसते. प्रोग्रामिंग अजून तसं दिसत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ज्यांना मुळातच आवड असते तीच मुलं हा विषय घेतात, मग पुढे ती त्याच क्षेत्रात गेली याचं श्रेय विषयाला कसं द्यायचं? वर्गातल्या मुलांची नुसती मोजदाद करून या आक्षेपाचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी अशी परिस्थिती लागते जिथे विषय मिळणं न मिळणं मुलाच्या हातात नव्हतं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ती सापडली. तिथल्या माध्यमिक शाळांत संगणकशास्त्राचे वर्ग एकाच वर्षी सुरू झाले नाहीत, कुठे आधी, कुठे नंतर. त्यामुळे एकाच शाळेतल्या दोन लागोपाठच्या तुकड्या, एकीच्या वाट्याला विषय आला आणि एकीच्या नाही, अशी तुलना करता आली. जिंग लिउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या या अभ्यासात दिसलं की शाळेत हा विषय घेतल्यामुळे कॉलेजात संगणकशास्त्र हा मुख्य विषय निवडण्याची शक्यता दहा टक्के-बिंदूंनी वाढली, म्हणजे शंभरातली आणखी दहा मुलं तिकडे वळली. पदवी मिळवण्यापर्यंत पाच टिकली. नोकरी मिळण्याचं प्रमाण आणि सुरुवातीची कमाईही वाढली. सर्वांत बोलकी गोष्ट अशी की मुली, गरीब घरांतली मुलं आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी यांना या विषयाचा लाभ इतरांपेक्षा जास्त झाला, आणि हीच मुलं तो विषय कमी घेत होती. ज्यांच्या घरात तो व्यवसाय आधीच माहीत होता, त्यांना वर्गाने फारसं नवीन दाखवलं नाही. ज्यांना माहीत नव्हता, त्यांच्यापुढे दार उघडलं. बदलापूरच्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हे का घडतं, याचं एक नीट मांडलेलं स्पष्टीकरण लेंट, ब्राउन आणि हॅकेट या तिघा मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली दिलं. त्यांच्या मते करिअरची आवड दोन समजुतींतून उगवते: ‘हे मला जमतं’ आणि ‘यातून काही हाती लागतं’. पहिली समजूत मुख्यतः करून पाहून येते, दुसरी पुष्कळदा आजूबाजूच्यांकडे पाहून येते. दोन्ही जुळल्या की माणूस म्हणू लागतो, मला हे आवडतं; आणि मग त्याला ते पहिल्यापासून आवडत होतं, असंही वाटू लागतं. आठवण या बाबतीत फार भरवशाची नसते.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा, घरगुती. आवडबिवड हे चोचले आहेत, आपली मुलं पॅकेज बघून जातात, असं पुष्कळ जण म्हणतात. पण वरच्या दोन समजुतींत पॅकेज दुसऱ्या समजुतीत बसतंच. पैशाची आशा आवडीची वैरीण असायला हवी असं नाही. रोली वर्मा यांनी भारतातल्या आणि अमेरिकेतल्या संगणक शिकणाऱ्या तरुणींचा जो अभ्यास केला, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत संगणक म्हणजे एकलकोंड्या, यंत्रवेड्या मुलाचा प्रांत, अशी प्रतिमा रुजली. तिथे संगणकशास्त्राच्या पदवीधरांत १९८४च्या सुमारास ३७ टक्के स्त्रिया होत्या, नंतर ते प्रमाण घसरत १८ टक्क्यांच्या आसपास आलं. भारतातल्या मुलींपैकी अनेकींनी कॉलेजात येईपर्यंत संगणक फारसा हाताळलाही नव्हता, पण त्यांना तो पुरुषी वाटत नव्हता. छपराखालचं, सुरक्षित, मानाचं आणि बऱ्या पगाराचं काम, ही त्यांची त्याबद्दलची कल्पना. त्या भरवशावर आल्या, शिकताना जमू लागलं आणि मग गोडी लागली. आपल्याकडे आयटीआयच्या ‘कोपा’ या एक वर्षाच्या संगणक ट्रेडला मुली जातात आणि टर्नरला फारशा जात नाहीत, त्यामागेही हीच कल्पना आहे. ती पुरोगामी आहे असं म्हणवत नाही. मशीनशॉप मुलीसाठी नाही, हे तिच्यात गृहीतच धरलेलं आहे. पण त्या चिंचोळ्या फटीतून पुष्कळजणी पलीकडे गेल्या, हेही खरं.

आता ‘जसा अभ्यासक्रम तशी आवड’ याकडे येतो. इंग्लंडने २०१४ साली शाळांतला जुना आयसीटी (माहिती व संचार तंत्रज्ञान) विषय मोडीत काढून त्याजागी कॉम्प्युटिंग आणलं. जुना विषय सॉफ्टवेअर वापरायला शिकवणारा, बोथट, कंटाळवाणा, अशी टीका होती आणि ती चुकीची नव्हती. नवा विषय कसदार झाला, प्रोग्रामिंगवर बेतला गेला. पण सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला जुन्या विषयात चाळीस टक्क्यांहून जास्त मुली असत; नव्या संगणकशास्त्रात त्या २१ टक्क्यांच्या आसपास राहिल्या. विषय सुधारला आणि मुलींचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. विषयाच्या आतला माल बदलला की कोणाला तो आपला वाटतो हेही बदलतं.

आपल्याकडे संगणक शिकवला जातो तो एका नावाने तीन निरनिराळ्या वस्तू म्हणून. पहिली वस्तू एमएस-सीआयटी. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ची आणि हा अभ्यासक्रम २००२चा. सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हता म्हणून तो लागू झाला आणि गावोगावच्या केंद्रांत लाखो मुलांनी माउस पहिल्यांदा तिथे धरला. त्याचं ऋण मोठं आहे. पण त्याने रुजवलेली आवड कचेरीची आहे: पत्र, तक्ता, सादरीकरण, फॉर्म. ‘एमएस-सीआयटी झालंय का?’ हा प्रश्न लिपिकाच्या जाहिरातीपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. तिसरी वस्तू म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटी, बीएस्सी सीएस या पदव्या. उल्हासनगर-अंबरनाथपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंतच्या मुलांसाठी त्या इंजिनीअरिंगच्या फीशिवाय आयटीत शिरण्याचा जिना ठरल्या.

या दोहोंच्या मधली दुसरी वस्तू सर्वांत चमत्कारिक, तीच बारावीची सीएस. तिच्या एका पेपरात सी++ आणि डेटा स्ट्रक्चर, तर दुसऱ्यात आत्ताआत्तापर्यंत मध्यभागी बसलेला इंटेल ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर, जन्म १९७६. प्रॅक्टिकलला प्रश्न येतो: मेमरीत ओळीने ठेवलेल्या आकड्यांतला सर्वांत मोठा शोधा. मुलगा वहीवर सूचना लिहितो आणि तक्त्यातून प्रत्येकीचा सांकेतिक आकडा काढतो. यादी सी०५० या पत्त्यापासून सुरू होत असेल तर तो लिहितो २१, मग ५०, मग सी०. कारण हा प्रोसेसर पत्त्याचा मागचा अर्धा भाग आधी मागतो. पुढे ७ई म्हणजे तिथला आकडा उचल, २३ म्हणजे पुढच्या घरात जा, बीई म्हणजे तुलना कर. शेवटी ७६, म्हणजे थांब. ५० आणि सी० यांची अदलाबदल झाली की यंत्र निमूटपणे भलत्याच ठिकाणी जातं आणि भलतंच उत्तर देतं, तक्रार करत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं यंत्र म्हणून याची टिंगल होते. मला ती पटत नाही. यंत्राच्या पोटात काय चालतं याचं इतकं उघडंवाघडं दर्शन दुसरीकडे कुठे मिळत नाही. माझी तक्रार दुसरी आहे. बहुसंख्य वर्गांत हे आकडे जर्नलमध्ये उतरवून काढले जातात, कारण विषय निवडला तो ‘स्कोअरिंग’ म्हणून. प्रॅक्टिकलचे गुण हाती येतात, दुसऱ्या भाषेचा पेपर टळतो आणि सीईटीच्या अभ्यासाला वेळ उरतो. द्विलक्षी अभ्यासक्रमाची मूळ कल्पना अशी होती की विज्ञान शिकता शिकता मुलाच्या हाताला एखादा उद्योग लागावा. उरली ती गुणांची सोय. अशा वर्गातून मुलगा ‘हे मला जमतं’ ही समजूत घेऊन बाहेर पडत नाही, ‘हे मला पाठ होतं’ ही घेऊन पडतो. पुढे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी जो धक्का बसतो, त्याचं मूळ इथे आहे.

ही आवड किती पातळ असते याचा अंदाज २०२४ साली आला. बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कक्षेत गेले आणि राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदाच सीईटी सक्तीची झाली. जागांच्या मानाने परीक्षेला बसणारे इतके कमी निघाले की ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. शेजारच्या बीएस्सी आयटीला मात्र ही अट नव्हती. काहींना परीक्षेची माहितीच वेळेवर मिळाली नाही, हे मान्य. पण एक जादा अर्ज आणि एक परीक्षा एवढ्या अडथळ्याने जी वाट सुनी पडते, तिच्यामागे मुलाच्या स्वभावातून उमललेला अढळ कल होता, हे पटणं कठीण आहे. प्रवेश कसा मिळतो यानेही आवड घडते.

तिसरा आक्षेप आजचा. कोड आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहिते आहे. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. मग मुलांना या वाटेला लावायचंच कशाला? शिवाय सगळे तिकडे धावल्याने सिव्हिल आणि मेकॅनिकलकडचा ओढा आटला, ही हानी उघड आहे. आक्षेपातला दुसरा भाग मी पूर्ण मान्य करतो. पहिल्या भागाबद्दल एवढंच की कोणती कामं जातील याचा अंदाज घेताना मुलाला कोणता संगणक शिकवला होता हे आधी पाहावं लागतं. तक्ते भरणं, ठरलेला कोड उतरवणं, ठरलेल्या पायऱ्यांनी तपासणं यांच्यावर गदा आधी येते आहे. आपण सर्वांत जास्त प्रमाणात शिकवलं ते हेच. यंत्राने दिलेलं उत्तर भलतं आहे हे ओळखायला ५० आणि सी० उलटे का लिहायचे हे कळलेलं असावं लागतं, आणि सिव्हिल किंवा मेकॅनिकलला गेलेल्या मुलालाही ते लागतंच.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एखाद्या लहान मशीनशॉपमध्ये सीएनसी लेथवर उभा असलेला ऑपरेटर दिवसभर प्रोग्रामच चालवत असतो. जी०० म्हणजे झटकन सरक, जी०१ म्हणजे कापत सरक, एम०३ म्हणजे चक फिरव, एम३० म्हणजे काम संपलं. पन्नासनंतर दशांशचिन्ह द्यायचं विसरलं तर काही कंट्रोलर पन्नास मिलिमीटरऐवजी पन्नास मायक्रॉन वाचतात आणि टूल नको तिथे जाऊन आदळतं. चूक बारावीच्या मुलाच्या ५० आणि सी०च्या चुकीच्याच जातीची, फक्त इथे इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, फुटतो आणि त्याचे पैसे पडतात. यंत्राला अक्षरश: सांगावं लागतं, हा संगणकशास्त्राचा पहिला धडा तिथे तेलकट हातांनी रोज गिरवला जातो. त्याला गावात कुणी ‘कॉम्प्युटर’ म्हणत नाही. तो ऑपरेटर आयटीआयचा, आयटीआय कौशल्य विकास विभागाकडे. सीएसचा मुलगा कनिष्ठ महाविद्यालयाचा, ते शालेय शिक्षण विभागाकडे. बीएस्सी आयटी विद्यापीठाकडे. तिघांचे अर्ज वेगळे, खिडक्या वेगळ्या, तारखा वेगळ्या. स्टेशनपासून रिक्षाने थोड्याच वेळात गाठता येणारं ते मशीनशॉप अकरावीच्या सीएसच्या वर्गाने पाहावं अशी सोय यांतल्या कुठल्याच वेळापत्रकात नाही, आणि पुढच्या जूनमध्ये ती चौकट पुन्हा तशीच समोर येईल: सीएस की बायो.